‘अरे’ आणि ‘अहो’ : बालमित्राविषयीच्या मराठी लेखनाचा विचार

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मध्ये खुटबाव हे लहानसे स्थानक आहे. माझे शालेय शिक्षण त्या गावी झाले. दहावीनंतर मी सेमिनरीत गेलो आणि पुढे धर्मगुरू म्हणून गावोगावी बदल्या होत राहिल्या. मध्यंतरी आमच्या तुकडीतील काही जणांनी माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा भरविण्याचे ठरविले. त्यानिमित्त एक स्मरणिका काढावयाची होती. ‘तुम्ही लिहिता, तेव्हा प्रस्तावना तुमच्याकडे’ असा निरोप आला आणि त्यापाठोपाठ चौतीस मनोगतांचे बाड माझ्या टेबलावर येऊन पडले.

ती मनोगते मी दोनदा वाचली. प्रस्तावना मात्र लिहून होईना. लेखन कच्चे होते, हे काही त्याचे कारण नव्हे. शुद्धलेखनाच्या चुका प्रस्तावनाकाराला अडवीत नाहीत. अडचण निराळी होती. बहुतेक प्रत्येक मनोगत शाळेच्या घंटेपासून सुरू होत होते, प्रार्थना, मास्तरांची छडी, मधल्या सुट्टीतली बोरे आणि चिंचा असा प्रवास करीत होते आणि ‘ते दिवस आता परत येणार नाहीत’ या अर्थाच्या वाक्यापाशी संपत होते. मधली सुमारे चाळीस वर्षे कोठेच नव्हती. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की मित्रांविषयी म्हणून लिहिलेल्या या पानांवर एकही मित्र नव्हता. ‘आम्ही सारे’ हे दोन शब्द सर्वत्र होते. पण एकाने दुसऱ्याविषयी, त्याचे नाव घेऊन, चार ओळी लिहिल्या आहेत असे एकाही पानावर आढळले नाही.

हा दोष त्या मनोगत लिहिणाऱ्यांचा आहे, असे मला वाटत नाही. शेतकरी, कारखान्यातले कामगार, शिक्षिका, एस. टी. चे वाहक अशी ही माणसे आहेत. लिहिण्याचा साचा माणूस आपल्या भाषेतल्या वाङ्मयाकडून घेतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की शाळासोबत्यांमध्ये पुढील आयुष्यात जे अंतर पडते त्याविषयी लिहिण्याचे कोणते साचे आपल्या परंपरेने आपल्याला दिले आहेत? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

पहिला साचा अर्थातच सुदाम्याचा. सांदीपनींच्या आश्रमातले दोन सहाध्यायी, एक द्वारकेचा राजा आणि दुसरा पोटाला महाग झालेला ब्राह्मण, ही कथा कीर्तनकारांनी घरोघर पोहोचविली आहे. आपल्या मेळाव्यांची वृत्तांते वाचावीत. तीत हीच कथा नव्या वेषात भेटते. मोठ्या पगारावर पोहोचलेला मित्र शाळेला पंखे देतो, कुंपणाची भिंत बांधून देतो, आणि सूत्रसंचालक त्याला कृष्ण म्हणतो. उरलेल्या साऱ्यांनी न बोलता सुदामा व्हावयाचे असते.

परंतु ही कथा ज्या भागवताच्या दशम स्कंधात आहे तेथे ती इतकी सरळ नाही. मुळात त्या ब्राह्मणाचे नावही तेथे दिलेले नाही. सुदामा हे नाव त्याला परंपरेने दिले. तो काही मागावयास म्हणून गेला खरा, पण त्याने मागितले नाही. आणि कृष्णानेही समोर काही दिले नाही. मग त्या भेटीत घडले काय? दोघे जुनी गोष्ट बोलत बसले. गुरुपत्नीसाठी सरपण आणावयास रानात गेलो, वादळ आले, सगळीकडे पाणीच पाणी झाले, आणि एकमेकांचा हात धरून रात्र काढली, ही ती आठवण. भेटीचा गाभा तेवढाच. सोन्याचे घर ही नंतरची गोष्ट. शिवाय, दोघे पुन्हा भेटले असे ती कथा सांगत नाही. आपण कथेतून सोन्याचे घर उचलले आणि सरपणाची मोळी मागे टाकली.

दुसरा साचा द्रुपदाचा. द्रोण आणि द्रुपद हेही भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र वाढलेले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि दरिद्री द्रोण त्याच्याकडे ‘सखा’ म्हणून गेला. काळ सगळे झिजवतो, तशी मैत्रीही झिजवतो, आणि मैत्री ही बरोबरीच्यांतच असते, असे सांगून राजाने त्याला वाटेला लावले. द्रोणाने शिष्य घडविले, त्यांच्याकरवी द्रुपदाला बांधून आणले, त्याचे अर्धे राज्य घेतले, आणि आता आपण बरोबरीचे झालो असे सांगितले. या कथेत आपण सहजच द्रुपदाला उन्मत्त ठरवितो. तो उन्मत्त आहेच. परंतु त्याने उच्चारलेले विधान खोटे आहे काय? काळ मैत्री झिजवतो, हे चौतीस मनोगतांपैकी एकानेही लिहिले नाही, आणि चौतिसांनाही ते ठाऊक आहे. द्रोणाची चूकही तेवढीच मोलाची आहे. बाळपणीच्या शब्दाची हुंडी तो प्रौढ माणसाकडून वटवून घेऊ पाहतो.

म्हणजे आपल्यापाशी साचे दोन: एकात अंतर दानाने भरून निघते, दुसऱ्यात ते सूडाने. अंतर आहे तसे पाहणारा तिसरा साचा आधुनिक गद्याने घडवावयास हवा होता. त्याने तो कितपत घडविला?

या दृष्टीने मराठी आत्मचरित्रे पाहिली म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी येते. आई, बाप, गुरू, दारिद्र्य आणि गाव यांना आपल्या आत्मचरित्रकारांनी भरभरून दिले. बालमित्र मात्र पहिल्या काही प्रकरणांत धावत येतो आणि पुढे केव्हा नाहीसा होतो ते वाचकाला कळतही नाही. आनंद यादवांचे ‘झोंबी’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकू पाहणारा कागलचा मुलगा आणि त्याला शेतात जुंपणारा बाप यांच्यातला तो झगडा आहे. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ या पुढच्या खंडांत तो मुलगा गावापासून दूर दूर जातो. या दूर जाण्याचा हिशेब यादवांनी निष्ठुरपणे मांडला आहे. परंतु तो प्रामुख्याने घराशी मांडलेला आहे. शिक्षणाने बापाशी काय केले ते आपल्याला कळते. ज्याच्या शेजारी बसून धडे गिरविले, आणि ज्याचे शिक्षण मध्येच सुटले, त्या मुलाशी शिक्षणाने काय केले, याचा हिशेब अजून व्हावयाचा आहे.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) या प्रश्नाला वेगळ्याच बाजूने भिडते. या पुस्तकाची मांडणी सर्वांना परिचित आहे. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एक गावकुसाबाहेर आणि कावाखान्यात वाढलेला, दुसरा शिकून लेखक झालेला. दोघे एकच माणूस. समीक्षकांनी या युक्तीला दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे चिन्ह म्हटले, ते योग्यच आहे. मला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. वर्षानुवर्षांनी भेटलेल्या आणि ज्याच्याशी बोलणे अवघड होऊन बसले आहे अशा बालमित्राची ती भेट आहे, आणि तो बालमित्र म्हणजे लेखक स्वतःच. मराठीत दुरावलेल्या बालमित्राचे याहून प्रामाणिक चित्र मी वाचलेले नाही. त्याचबरोबर हे पुस्तक आपल्या भावुकतेला एक रोखठोक प्रश्न विचारते. दुरावण्यासाठी अगोदर जवळ असावे लागते. ज्यांना वर्गातच वेगळे बसविले, त्यांच्यापासून आपण दुरावलो असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी हा निवेदक, आणि सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे त्याचे सोबती. पन्नाशीच्या वाचकांनी ही कादंबरी ज्या प्रेमाने वाचली, आणि २०१२ साली पडद्यावर आलेला तिच्यावरचा चित्रपट ज्या गर्दीने पाहिला, त्याचे कारण केवळ गतकालाची ओढ हे नव्हे. बोकिलांनी त्या टोळीची भाषा राखली. कोणालाही पूर्ण नाव नाही, कोणालाही ‘जी’ नाही, कोणी कोणाला ‘अहो’ म्हणत नाही. आणि शाळेचे ते वर्ष संपत आले की लेखक थांबतो. पुढे सुऱ्याचे काय झाले, हे तो सांगत नाही. ते सांगण्याचे काम वाचकाकडे येते. वाचकाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते ते त्या कोऱ्या जागेपाशी. ही लेखकाची जीत होय. तथापि हेही म्हटले पाहिजे, की जी कोरी जागा बोकिलांनी जाणून सोडली, तीच आमच्या स्मरणिकेने न जाणता सोडली. एकीकडे मौन बोलते, दुसरीकडे ते लपविते.

येथे मला खुटबावच्या शेजारचे केडगाव आठवते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तेथे आहे, हे वाचक जाणतातच. त्याच्या मुळाशी असलेले शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या काही विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही व सहाध्यायी नरहरपंत जोशी हे तिचे बंधू. ११ मार्च १८९३ रोजी तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. त्याच वर्षी धर्मांतराच्या प्रश्नावरून शारदा सदनावर वादळ उठले; न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, आणि अनेक मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. एका छपराखाली बाराखडी शिकलेल्या मैत्रिणी चार दिशांना गेल्या. कोणी रमाबाईंच्या मागे ख्रिस्ताकडे आली, कोणी पुन्हा सोवळ्याच्या घरात गेली, कोणी पुनर्विवाह करून समाजाच्या रोषाला सामोरी गेली. ‘शाळामैत्रिणी दुरावल्या’ हे वाक्य किती जड असू शकते, हे या एका वर्षावरून कळते. आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. रमाबाईंविषयीची त्यांची कृतज्ञता इतक्या वर्षांनंतरही कमी झालेली नाही, हे त्या पुस्तकाचे मोठेपण. वाट वेगळी झाली म्हणून आरंभ नाकारावा लागत नाही, एवढे ते शिकविते.

कर्व्यांच्या १९१५ सालच्या ‘आत्मवृत्ता’तही असाच एक धडा आहे. सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा काही सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर ओलांडून परीक्षेसाठी पायी गेला. आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. पुनर्विवाहानंतर त्याच मुरूड गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला. कर्वे दोन्ही घटना एकाच सुरात सांगतात. चालताना सोबत असणारे आणि पुढे दार लावून घेणारे एकाच गावचे होते, ही गोष्ट ते कडवटपणाविना कागदावर ठेवतात. हा कोरडेपणा पुष्कळांना रुक्ष वाटतो. मला तो न्यायबुद्धीचा वाटतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नववे पुस्तक आम्हाला अभ्यासाला होते. दोन मित्रांपैकी एकाची बुद्धी वाढली आणि दुसरा बाळपणीच्याच ठिकाणी राहिला, तर ती मैत्री टिकेल काय, असा प्रश्न तो तेथे उपस्थित करतो. टिकणार नाही, असे त्याचे स्पष्ट उत्तर आहे. कारण दोघांना एकाच गोष्टीचा आनंद होणार नाही. परंतु तो तेथेच थांबत नाही. एके काळच्या सहवासाची आठवण ठेवून अशा माणसाला परक्याहून काही अधिक द्यावे, असे तो म्हणतो. तरुणपणी मला हे उत्तर शहाणपणाचे वाटले होते. आता त्यातला एक दोष दिसतो. वाढला कोण आणि राहिला कोण, हे ठरविणारा नेहमी स्वतःला वाढलेला समजतो.

संत ऑगस्टीन या बाबतीत अधिक खोल गेला. ‘कन्फेशन्स’च्या चौथ्या पुस्तकात तागास्ते गावच्या आपल्या एका मित्राची कथा तो सांगतो. बरोबर खेळलेला, बरोबर शाळेत गेलेला हा मित्र ऑगस्टीनच्या नादाने मणिपंथाकडे वळला होता. तो तापाने बेशुद्ध असताना घरच्यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीनने त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. आपल्याबरोबर तोही हसेल अशी त्याची खात्री होती. मित्र हसला नाही. मैत्री हवी असेल तर हे बोलणे थांबव, असे त्याने बजावले. थोड्याच दिवसांत, ऑगस्टीन तेथे नसताना, तो मरण पावला. या मित्राचेही नाव पुस्तकात नाही. सुमारे वीस वर्षांनंतर हे लिहिताना ऑगस्टीन त्या आजाऱ्याच्या खाटेपाशी परत जातो आणि मान्य करतो, की मला तो मित्र ठाऊक आहे असे मी समजत होतो, आणि तो मला ठाऊक नव्हता. शोकाचे पृथक्करण करताना, आपण मित्राहून आपल्या दुःखावरच अधिक प्रेम करीत होतो काय, हेही तो स्वतःला विचारतो. आपल्या स्मरणिकांना आणि मेळाव्यांतल्या भाषणांना लावण्याजोगी ही खरी कसोटी आहे. आपल्याला हरवलेला मित्र आठवतो, की स्वतःचे हरवलेले बाळपण?

ही कसोटी इतरांना लावण्यापूर्वी स्वतःला लावणे क्रमप्राप्त आहे. त्या चौतीस मनोगतांच्या बाडात एका पानावर केवळ छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक होता. मजकुराची जागा रिकामी होती. तो माझ्या बाकावर बसणारा मुलगा. आमचे ख्रिस्ती घर वस्तीच्या टोकाला होते. त्याच्या घरी गेलो की ओट्याखाली उभे राहून ओंजळीने पाणी प्यावे लागे. त्याची आई वरून तांब्या धरी. हे आमच्यातल्या कोणी कधी बोलून दाखविले नाही. मात्र मी गेलो की तोही ओट्यावरून खाली उतरे आणि माझ्या शेजारी उभा राहून ओंजळीनेच पाणी पिई. त्याचा अर्थ कळण्याचे माझे वय नव्हते. त्याचे होते की काय, कोण जाणे.

दहावीनंतर मी पुण्याची गाडी धरली. त्याने शेती धरली. आमच्या भागात जमीन पाटाखाली आहे की पाटाच्या वर, यावर माणसाचे आयुष्य ठरते. खाली ऊस आणि गुऱ्हाळ, वर पावसाची वाट. त्याची जमीन वर होती. पुष्कळ वर्षांनी तो मला भेटावयास माझ्या धर्मग्रामात आला. मी कार्यालयात बसलो होतो. टेबलाच्या पलीकडची खुर्ची मी त्याला दाखविली, चहा मागविला, अडचण विचारली, धीर दिला, थोडा उपदेशही केला. रोज दहा माणसांशी जसा बोलतो तसाच बोललो. उठताना तो म्हणाला, ‘बरं, येतो फादर.’ त्याची अडचण काय होती ते आज मला आठवत नाही. ‘फादर’ तेवढे आठवते.

मेळाव्याला तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेतावर गेलो. ‘अरे, ओळखलंस का?’ असे मी मोठ्या उमाळ्याने म्हटले. त्याने घोंगडी अंथरली आणि म्हणाला, ‘या, बसा.’ तासभर बसलो. मी ‘अरे’ म्हणत राहिलो, तो ‘अहो’ म्हणत राहिला. काही वेळाने माझे मलाच ऐकू आले. मी ज्याला बाळपणीचा ‘अरे’ समजत होतो, तो आता तसा राहिला नव्हता. एकाने ‘अरे’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘अहो’ म्हणावे, ही मित्रांची बोली नव्हे. ती मालकाची आणि गड्याची बोली आहे. म्हणून मग मीही त्याला ‘तुम्ही’ म्हटले. तो चमकला, थोडा हसला, आणि आम्ही पाटाच्या आवर्तनाविषयी, त्याच्या नातवाच्या शाळेविषयी बोललो. निघताना मी पाणी मागितले. त्याच्या सुनेने पेल्यात आणून दिले.

मैत्री परत आली, असे मी लिहिणार नाही. ते खरे नाही. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांना प्रथमच बरोबरीने संबोधले, एवढेच घडले. परंतु मराठी गद्याने बालमित्राविषयी लिहावयाचे ते याच ठिकाणाहून लिहावे, असे मला वाटू लागले आहे. ‘अरे’चे खोटे नाटक नको, आणि ‘अहो’मागे लपणेही नको. अंतर किती, ते कशाने पडले, त्यात पाटाचे पाणी किती, जातीचे किती, आणि आपला स्वतःचा निष्काळजीपणा किती, हे नोंदवावे. सुदाम्याच्या कथेतली सरपणाची मोळी पुन्हा उचलावी.

स्मरणिकेची प्रस्तावना मी अखेर लिहिली. ती दीड पानांची आहे. तीत मी संपादकांना एक विनंती केली: प्रत्येकाने शाळेविषयी न लिहिता, वर्गातल्या एकाच सोबत्याविषयी लिहावे, त्याचे नाव घ्यावे, आणि शेवटचे केव्हा भेटलो ते सांगावे. संपादकांनी कळविले, की त्यामुळे स्मरणिकेला उशीर होईल. मी त्यांना लिहिले, चाळीस वर्षे उशीर झालाच आहे.